सूचना : प्रात्यक्षिकापूर्वी दाखवायच्या चित्रफितींबाबत

गटातील सर्व आयटीआय प्रशिक्षक सदस्यांस सविनय कळविण्यात येते की, ‘भारत स्किल्स’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर आपापल्या ट्रेडसाठी उपलब्ध असलेल्या चित्रफिती व प्रश्नसंच पाहून, त्यांपैकी उपयुक्त साहित्याची नावे येत्या शनिवारपर्यंत गटावर कळवावीत.

वेल्डिंग शिकवताना प्रखर ज्योतीभोवती सर्वांना एकाच वेळी उभे करता येत नाही. वितळलेल्या धातूचा प्रवाह आणि इलेक्ट्रोडचा (वेल्डिंगच्या कांडीचा) कोन मात्र जवळून घेतलेल्या चित्रफितीत स्पष्ट दिसतो, आणि ती थांबवून पुन्हा पाहता येते. तरीही हाताला वळण कार्यशाळेतच लागते. त्यामुळे चित्रफितीच्या नावाखाली प्रात्यक्षिकाचे तास कमी करू नयेत, ही कळकळीची विनंती.

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण येथील अनेक वाड्यांवर, विशेषतः पावसाळ्यात, नेटवर्क मिळत नाही. म्हणून स्वतः चित्रित केलेल्या चित्रफिती पाच मिनिटांहून मोठ्या नसाव्यात आणि प्रशिक्षणार्थ्यांना त्या संस्थेतच मोबाईलवर उतरवून घेऊ द्याव्यात. निवेदन मराठीत किंवा कोकणीत करावे. अवजारांची नावे मात्र परीक्षेत येतात तशीच ठेवावीत. चित्रीकरणाच्या वेळी गॉगल व हातमोजे घातलेलेच असावेत, कारण मुले आपले पाहूनच शिकतात.