फिनिश्ड चामड्याचा कारखाना कोल्हापुरात हवाच

संपादक साहेब, स.न.वि.वि.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा जो तो चपलेवर बोलला, २०१९ पासून तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे हेही बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं, पण चामड्याचं कोणी नाव काढलं नाही. आपल्या कारागिरांना बरंचसं चामडं चेन्नईकडून आणावं लागतं. तळाला लागणारं म्हशीचं जाड चामडं बाभळीची साल, हिरडा यांत कमावतात, ते वेगळं. पण नवीन पोरं पर्स, बेल्ट, बॅगा करायला लागलीत, त्यांना एकसारख्या जाडीचं, रंग हाताला न लागणारं फिनिश्ड चामडंच लागतं, आणि दोन-चार कातडी घ्यायला गेलं की भोकं, चिरा, पोटाकडचा ढिला भाग सगळं चौरस फुटात धरून पैसे घेतात.

म्हणून इथे कारखाना काढा, पण कच्च्या कातड्यापासून नको. ते मीठ लावून येतं, भिजवलं की मीठ पाण्यात, मग चुना, केस, कमावायचं क्रोम रसायन, आणि मिठाचं पाणी सांडपाण्याच्या साध्या प्लांटमध्ये साफ होत नाही. तमिळनाडूत वेल्लोरकडे चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने पालार नदीचं काय झालं ते १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे, आपल्या पंचगंगेला आता आणखी एक दुखणं परवडणार नाही. सुरुवात क्रस्टपासून करा, म्हणजे कमावून वाळवलेला माल विकत आणायचा आणि इथे बफिंग (घासून गुळगुळीत करणं), रंगाचा स्प्रे, गरम प्लेटखाली दाबणं आणि शेवटी मेजरिंग मशीनवर मोजून शिक्का, एवढंच. पाणी खूपच कमी लागतं. धूळ आणि स्प्रेचा वास असतोच, त्यामुळे एक्झॉस्ट नीट पाहिजे, तिथे काटकसर केली तर कामगारांची छाती जाईल.

अजून एक, युरोपात २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत क्रोमियम-सहा (क्रोमचा घातक प्रकार) किलोला ३ मिलिग्रॅमच्या आतच चालतं, तेव्हा क्रस्ट घेताना टेस्ट रिपोर्ट बघितल्याशिवाय गाडी उतरवूच नका.

राज्याच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने एक कॉमन शेड द्यावी आणि लहान कारागिराचं एक कातडं असलं तरी जॉबवर्क करून द्यावं. मशीन निवडायला चेन्नईच्या सीएलआरआय या चामडं संशोधन संस्थेची माणसं बोलवा, पण कमिटीत चपलेच्या वेण्या घालणाऱ्या बायका पण घ्या, कुठलं चामडं वाकवल्यावर तडकतं ते त्यांना हात लावताच कळतं.

एक वाचक, कोल्हापूर