कूलंट नुसतं ओतत बसू नका

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर लेख आला, मस्त होता, पण कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी झालं की टॉपअप करत राहा हे काही पटलं नाही, अहो बंद सिस्टीम आहे ती, कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंयच. माझ्याकडे इकडे लंडनला जुनी पोर्श बॉक्स्टर आहे, ९८६ मॉडेल, १९९६ ते २००४ मधलं. हिचं इंजिन मध्यभागी आणि कूलंटची प्लास्टिक टाकी मागच्या डिकीत, त्यामुळे टाकीला तडा गेला की आधी डिकीतलं कार्पेट ओलं होतं आणि गोडसर वास सुटतो. लोक पावसाचं पाणी समजतात!! दुसरी जागा वॉटर पंप, बेअरिंग गेलं की खालच्या बारीक भोकातून ठिबकतो, आणि तिसरी पुढचे रेडिएटर, बंपरच्या जाळीतून पाला आत जाऊन कुजतो नि ॲल्युमिनियम खातो, वर्षातून एकदा साफ करावंच लागतं.

शोधायचं कसं तर इंजिन पूर्ण गार करून कूलंटच्या टाकीला प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब देऊन तो काट्यावर दाखवणारा पंप, लावायचा, काटा खाली आला की टॉर्च घेऊन गाडीखाली. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, पार भाजून निघाल. लीक बंद करणारी पावडर तर टाकूच नका, हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा, कुत्रामांजर चाटलं तर जीवावर बेतू शकतं.

एक वाचक, लंडन