खरवस आधी की वासरू?

संपादक महोदय,

राजूरच्या प्रदर्शनात डांगी जातीच्या वळूंचं कौतुक होतं. पावसाळ्यात रानात मरणाऱ्या वासरांची दखल मात्र कोणी घेत नाही. आमची गुरं दिवसभर डोंगरावर मोकळी. गाय झाडीतच विते, वासरू सापडेपर्यंत दिवस मावळतो. यंदाच्या श्रावणात आमचं एक वासरू असंच गेलं. चौथ्या दिवशी पांढरी पातळ हगवण, डोळे खोल गेलेले, कान थंडगार. सलाइन लावायला माणूस मिळेपर्यंत ते गेलं होतं.

गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातून येते आणि २४ तासांनंतर आतडं ती शोषत नाही. २० किलोच्या वासराला पहिल्या काही तासांतच दोनेक लिटर चीक हवा. आपण मात्र ‘जास्त चीक बाधतो’ म्हणत पातेलं भरून घेतो. (खरवस मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू?) नाळेला टिंक्चर आयोडीन लावणारा तर आमच्या पाड्यात एकच म्हातारा.

दिवस भरत आलेली गाय गोठ्यापाशीच ठेवा, हे पशुवैद्यकीय दवाखान्यांनी पावसाळ्याआधी वाड्यावाड्यांत येऊन सांगावं. येताना आयोडीनच्या बाटल्याही आणाव्यात.

– एक पशुपालक, ता. अकोले