फ्रँकी नकल्सकडून शिकण्याचं काम

प्रिय मंदार,

हाउस, म्हणजे डिस्कोतून निघालेलं ते नाचाचं संगीत, शिकायचंच ठरवलंयस ना, मग सॉफ्टवेअरची प्लगइन राहू देत, आधी डीजे फ्रँकी नकल्सची कारकीर्द बघ. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1955 साली जन्मलेला हा माणूस 1977 मध्ये शिकागोच्या वेअरहाउस क्लबात रेकॉर्ड वाजवायला आला. थोड्याच वर्षांत डिस्कोची लाट ओसरली, नाचण्याजोगी नवी गाणी येईनाशी झाली. मग त्यानं हातातलीच गाणी टेपच्या रीलवर कापून-जोडून लांबवली. त्याची पुढची सगळी कामं मला तरी या कापाकापीतूनच उगवलेली दिसतात.

हिशोब करून बघ. टेपचा वेग सेकंदाला 15 इंच आणि गाणं 120 बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांचं, धरलं, तर एक ठोका साडेसात इंचांचा आणि चार ठोक्यांचा बार 30 इंचांचा. चार बार वाढवायचे तर त्याच भागाची दहा फूट टेप पुन्हा भरून घ्यायची. रील हातानं मागं-पुढं फिरवत किकची, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याची, सुरुवात पकडायची, तिच्या केसभर आधी खूण करायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा, जोडपट्टी लावायची. काप उशिरा पडला की किकचं टोक उडतं आणि ठोका बोथट लागतो. ब्लेडला चुंबकत्व आलेलं असेल तर जोडावर टक्‌ वाजतं. आणि आधीच्या बारमधली झांज अजून घुमत असताना कापलंस, तर जोड लगेच उघडा पडतो. कापाच्या या चुका सॉफ्टवेअरमध्येही तशाच ऐकू येतात बरं का.

1983 च्या सुमारास त्यानं पॉवर प्लँट हा स्वतःचा क्लब काढला. डेट्रॉइटच्या डेरिक मेकडून घेतलेलं रोलंडचं टीआर-909 हे ड्रम मशीन तो तिथं रेकॉर्डांखाली वाजवायचा. मशीनवर एका बारच्या 16 पायऱ्या; त्यांत किक 1, 5, 9, 13 वर, टाळीसारखा क्लॅप 5 आणि 13 वर, उघड्या झांजेचा ओपन हॅट 3, 7, 11, 15 वर. मांडणी सोपी आहे, सांभाळणं कठीण. जुन्या रेकॉर्डवर हाडामांसाचा ड्रमर असतो, त्याची लय हलते. मशीनची हलत नाही. एका बीपीएमचा फरक राहिला तरी 15 सेकंदांत पाव ठोका सरकतो. म्हणून हात सतत पिचवर, म्हणजे रेकॉर्डचा वेग बदलणाऱ्या पट्टीवर. 118 चं गाणं 120 वर न्यायला साधारण 1.7 टक्के लागतात. दोन्ही किक एकावर एक आल्या की खालचा आवाज गढूळ होतो, तेव्हा रेकॉर्डचा बेस उतरव.

पुढं न्यूयॉर्कला डेव्हिड मोरालेससोबत डेफ मिक्स या निर्मिती कंपनीसाठी रिमिक्सची, म्हणजे गाणी नव्यानं मांडण्याची, कामं, आणि 1998 मध्ये रिमिक्सरसाठीचं पहिलं ग्रॅमी. त्या रिमिक्समध्ये गायकाचा गळा आधी ऐकू येतो, ड्रम त्याच्या पाठीशी उभे राहतात. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

तू आता एकच कर. आवडतं डिस्को गाणं घे, त्याचा 8 बारचा ब्रेक (गाणं थांबून नुसता ताल उरतो तो भाग) 32 बारचा कर. वरून ड्रम अजिबात घालू नकोस. झालं की फाइल पाठव, जोड कुठं ऐकू येतात ते सांगतो.

तुझा,
सुहास