सास्काटूनच्या ताईंना, शिरोलीच्या वेल्डरकडून

ताई, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतोय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय कारण आमच्याकडच्या चार पोरांनी वाचलं तर त्यांचे पैसे तरी वाचतील.

कॅनडाचं वर्क परमिट मिळालं, कामाला लागलो, पहिला पगार पण झाला. वहिनीची मैत्रीण एवढीच आपली ओळख, तरी तुम्ही जे केलंत ते सख्ख्यांनी नाही केलं.

त्या एजंटचं आठवतंय ना? ऑफर खरी होती, कंपनीनं व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेतलेला, एलएमआयए, म्हणजे बाहेरचा कामगार घ्यायला कंपनीनं काढायची तिथल्या सरकारची मंजुरी, ती पण पॉझिटिव्ह आली होती, आणि हा बाबा मध्येच उपटला, म्हणे फाईल लावायचे अठरा लाख, त्यात एलएमआयएची फी धरलीय. वडील तर जमीन गहाण टाकायला निघालेले. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "एलएमआयए काढला कुणी?" म्हटलं कंपनीनं. "मग त्याची फी तो कशाची मागतोय?" झालं, विषय संपला. १००० डॉलरची ती फी मालकानं भरायची असते, कामगाराकडून वसूल करणं बेकायदेशीर आहे, आणि आपल्याला लागतात ते वर्क परमिटचे १५५ आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) ८५ डॉलर, वर मेडिकलचा खर्च, हे तुम्ही कॅनडा सरकारच्या साईटवरची पानं पाठवून दाखवलंत म्हणून वडिलांना पटलं, नाहीतर माझं कोण ऐकतंय!

मग तो वर्क परमिटच्या अर्जाचा फॉर्म, आयएमएम १२९५. नेटकॅफेवाला उघडतोय तर नुसतं "प्लीज वेट" येतंय, तो म्हणाला साईट डाऊन आहे, उद्या या. तुम्ही म्हणालात ब्राउझरमध्ये उघडूच नको, डाऊनलोड कर आणि अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघड, व्हॅलिडेट दाबल्यावर बारकोड आला की समज झालं. आणि तुम्ही एक ओळ सुद्धा भरून दिली नाहीत हां, मला तेव्हा राग आलेला, आता कळतंय की एअरपोर्टवर ऑफिसरनं जे जे विचारलं ते सगळं मीच भरलेलं होतं म्हणून अडखळलो नाही.

सगळ्यात भारी म्हणजे अनुभवाचं सर्टिफिकेट. आमच्या शिरोलीच्या मालकांनी लेटरहेडवर काय लिहून दिलं, "ही इज गुड बॉय, ही इज फ्रॉम गुड फॅमिली." खाली सही, शिक्का, आणि शिक्का पण उलटा. तुम्ही इतक्या हसलात की मला वाटलं फोन कट झाला. मग परत लिहून घ्यायला लावलंत: कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास किती, पगार किती, आणि काम नेमकं काय, मिग, टिग असलं कुठलं वेल्डिंग, ७०१८ चा वेल्डिंग रॉड, ड्रॉइंग वाचणं, सगळं. मालक कुरकुरले, "एवढं तर माझ्या जावयाचं पण लिहिलं नाही," पण दिलं लिहून.

लॉकडाऊनमध्ये मामाच्या उसात राबलो ते महिने मी फॉर्ममध्ये रिकामे सोडणार होतो, ते पण तुम्ही लिहायला लावलेत. आणि पासपोर्ट! परमिट पासपोर्टच्या तारखेपुढं देत नाहीत, आधी रिन्यू कर, हे कुणी सांगितलंच नव्हतं, नाहीतर कामाचं अर्धं वर्ष त्यातच गेलं असतं.

साडेअकरा तासांचा फरक, तुम्ही ड्यूटी करून रात्री बसायचा आणि मी तिकडं शिरोलीत सकाळी वर्कशॉपमध्ये मास्क वर करून फोन घ्यायचो. तुमच्या मिस्टरांना पण सॉरी सांगा, मागून त्यांच्या जांभया ऐकू यायच्या.

इथं उतरल्यावर काउंटर सोडायच्या आधी परमिट वाच म्हणालेलात, वाचलं, नाव, कंपनी, तारीख सगळं बरोबर होतं. सिन नंबर, इथं काम करायला लागतो तो सरकारी नंबर, तो पण फुकटात काढला, ९ नं सुरू होणारा. आणि हे परमिट एकाच मालकाशी बांधलेलं असतं, उद्या कुणी त्रास दिलाच तर वेगळं ओपन परमिट, म्हणजे एका मालकाशी न बांधलेलं, मागता येतं, हे तुम्ही सांगून ठेवलंय ते लक्षात आहे. आमचा फोरमन चांगला आहे, गरज पडेल असं वाटत नाही.

पैसे विचारले तर ओरडलात, म्हणून आईनं केलेला कांदा-लसूण मसाला बॅगेतून आणलाय, तो तरी घ्या, नाही म्हणू नका. रविवारी सुट्टी आहे, पत्ता टाका.

आणि अजून एक, आमच्या गल्लीतल्या एका पोराला तोच एजंट भेटलाय, आता वीस लाख म्हणतोय. त्याला तुमचा नंबर देऊ का? तुम्ही हो म्हटलात तरच देतो.