आरोग्यमंत्री महोदय, माझ्या डबीत किती टक्के?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

काल आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. दीड वर्षाने का होईना, मिळालं, आभारी आहे. पत्रात एकच वाक्य आहे: ‘आपली तक्रार पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ संबंधित विभागानेच ती आपल्याकडे वर्ग केली होती. असो.

आठवण करून देते. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचंच एक रूप) असलेलं एक नाइट क्रीम मी रोज लावत होते. तिसऱ्या आठवड्यात गाल लालभडक झाले, नाकाच्या कडेची कातडी पापुद्र्यांनी सुटू लागली, साधं पाणी लागलं तरी आग व्हायची. त्वचेच्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि विचारलं, ‘दिवस राहिलेत का?’ राहिले होते. सातवा आठवडा. क्रीम आजच बंद करा, म्हणाल्या. त्वचेतून फार थोडं आत जातं, घाबरू नका, असंही म्हणाल्या. घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरायचं राहतं? याच कुळातल्या, मुरुमांवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात व्यंग येऊ शकतं, हे मला रात्री दोन वाजता वाचून कळलं. अमेरिकेत २००६ पासून त्या गोळ्या सुरू करण्याआधी दोनदा गर्भचाचणी करतात, नंतर दर महिन्याला. गोळी आणि क्रीम एक नव्हे, हे मला कळतं. दिवसा कळतं. सोनोग्राफीच्या आदल्या रात्री मात्र कळायचं नाही, आणि अशा रात्री मी सात महिने काढल्या.

डबीवर काय होतं? ‘तरुण त्वचेचं रहस्य.’ रहस्यच ते! रेटिनॉल किती टक्के, कुठेच नाही. गर्भवतींनी टाळावं, हेही नाही. दिवसा सनस्क्रीन लावा, ही सूचना तेवढी होती, डबीच्या बुडाशी, मुंग्यांसारख्या अक्षरांत.

सहा महिन्यांत लेबलचे नियम आणतो, असं आपण जाहीर सांगितलं होतंत. सहा महिने गेले, बाळ जन्मलं (सुखरूप आहे, आपण विचारलं नाहीत तरी सांगते), आता ते रांगतंय. आपला नियम अजून पालथाही पडलेला नाही.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये हे करून दाखवलं. चेहऱ्याच्या क्रीममध्ये जास्तीत जास्त ०.३ टक्के, बॉडी लोशनमध्ये ०.०५. नुसतं रेटिनॉल नव्हे, रेटिनाइल पामिटेट आणि रेटिनाइल अ‍ॅसिटेट ही त्याची भावंडंही त्यात धरलेली. शिवाय डबीवर सक्तीची सूचना: यात अ जीवनसत्त्व आहे, रोज पोटात किती जातं ते आधी पाहा. कारण अन्न, गोळ्या, क्रीम, सगळ्याची शेवटी बेरीजच होते. त्यांच्या शास्त्रज्ञांनी क्रीमला विष म्हटलेलं नाही; ठरल्या प्रमाणात सुरक्षित म्हटलंय. ते प्रमाणच मला डबीवर दिसत नाही, एवढंच माझं रडगाणं.

तुमचे अधिकारी फोनवर म्हणाले, ‘मॅडम, ते औषध नाही, सौंदर्यप्रसाधन आहे.’ त्वचेत शिरल्यावर रेटिनॉलचं रेटिनॉइक आम्ल होतं. तेच आम्ल ट्रेटिनॉइन या नावाने डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. माझ्या गालांना हा कायद्यातला फरक कोणी समजावला नव्हता.

हे आपलं काम नाही, एवढं मात्र तुमच्या प्रत्येक खात्याला पाठ आहे. औषधवाले प्रसाधनवाल्यांकडे बोट दाखवतात, ते ग्राहकवाल्यांकडे, ते तुमच्याकडे. कर भरताना मला कधी कोणी दुसऱ्या खिडकीवर पाठवल्याचं आठवत नाही. कोनशिलेवर तुमचं नाव वीतभर अक्षरांत मावतं. डबीवर एक आकडा छापायला जागा नसते!

टक्केवारी छापायला लावा. गर्भवतींसाठी एक ओळ छापायला लावा. चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. आणि हेही पत्र वर्गच करणार असाल, तर कोणाकडे ते तेवढं कळवा. पुढचं मी थेट तिकडेच टाकते.

आपली,
एक तक्रारदार