झालेल्या दिवसांचा रकाना आखून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

हिंगणा एमआयडीसी, नागपूर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या पॅकिंग युनिटमध्ये बसून पगाराची नोंदवही नव्याने आखून दिलीत आणि काम झालेल्या दिवसांचे पैसे कामगाराला पगाराच्या तारखेआधीच मागता येतील अशी सोय केलीत, त्याला आता वर्ष उलटून गेले. आपले आभार मी तोंडी अनेकदा मानले आणि प्रत्येक वेळी आपण हात हलवून विषय बदललात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपण जे दाखवून दिलेत ते हिंगण्यातल्या, बुटीबोरीतल्या, वाडीच्या गोदामांतल्या माझ्यासारख्या अनेक लहान मालकांच्या उपयोगाचे आहे, हे त्यामागचे दुसरे कारण.

बाबांच्या पश्चात युनिट माझ्याकडे आले तेव्हा कामगार टिकत नाहीत ही माझी सर्वांत मोठी काळजी होती. 60 माणसांच्या युनिटमध्ये दर महिन्याला चार-पाच नवे चेहरे दिसत. सीलिंग मशीनवर हात बसायला दोन आठवडे लागतात, आणि हात बसतो न बसतो तोच माणूस येईनासा होई. पगार कमी पडतो म्हणून लोक जातात, अशी माझी ठाम समजूत होती. मी हजेरी बोनस सुरू केला, दिवाळीच्या भेटीची रक्कम वाढवली, पण गळती थांबली नाही. आपण आलात तेव्हा मी आपल्यापुढे पगाराचे तक्ते ठेवले. आपण ते बाजूला सारून सोडून गेलेल्यांची हजेरीपत्रके मागितलीत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कामावर कधी आला आणि कधी गेला एवढेच पेन्सिलीने लिहीत गेलात.

ते पान मी जपून ठेवले आहे. गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पहिल्या पगाराच्या आतच गेले होते. जो माणूस 1 तारखेला रुजू होतो त्याच्या हाती पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला, म्हणजे सदतिसाव्या दिवशी पैसे पडतात. तोवर खोलीभाडे, किराणा, हिंगण्यापर्यंतचे रोजचे येणे-जाणे हे सगळे त्याने कशातून भागवायचे, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. त्यातल्या एकाचा आपण शोधही घेतलात. तो ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जमतात त्या नाक्यावर, परत गेला होता. तिथे रोज काम मिळेल याची खात्री नव्हती आणि महिन्याची बेरीज आमच्यापेक्षा कमीच होत होती, पण ज्या दिवशी काम केले त्या दिवशीच्या संध्याकाळी पैसे हातात येत. "तो कमी पैशांकडे गेला नाही, लवकरच्या पैशांकडे गेला," असे आपण म्हणालात. त्या एका वाक्याने माझ्या दोन वर्षांच्या समजुतीचा निकाल लागला.

त्यानंतर मी आपल्याशी जो वाद घातला त्याबद्दल क्षमा मागते. 7 तारखेला पगार देणे हा कायदाच आहे, असे मी म्हणाले होते. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाने एक हजारापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेसाठी सात दिवसांची मुदत घातली आणि मासिक पगारासाठी 2019 च्या वेतन संहितेनेही तीच ठेवली. पण ही शेवटची मुदत आहे, त्याआधी देऊ नये असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, हे आपण शांतपणे समजावून सांगितलेत. शनिवारी संध्याकाळी बँकेतून पैसे कसे जातील, या माझ्या दुसऱ्या शंकेचेही उत्तर आपल्याकडे तयार होते: डिसेंबर 2019 पासून एनईएफटी, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवण्याची सोय, रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालते. बँकेची वेळ ही आता सबब राहिलेली नाही.

राहता राहिली पैशांची ओढाताण. माल उधारीवर जातो आणि वसुलीला दीड-दोन महिने लागतात, त्यात महिन्याच्या मध्येच पगार कुठून काढायचा? यावर आपण कागदाच्या पाठीमागे केलेला हिशेब मी येथे मुद्दाम देत आहे, कारण माझ्यासारख्या मालकांचे पाऊल नेमके येथेच अडते. समजा, 60 पैकी 20 जणांनी प्रत्येकी 3,000 रुपये पगाराच्या सरासरी बारा दिवस आधी घेतले. म्हणजे 60,000 रुपये बारा दिवस आधी गेले. बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जावर, वर्षाला 12 टक्के व्याज धरले तरी या रकमेचे बारा दिवसांचे व्याज होते सुमारे 237 रुपये. मी तो आकडा तीन वेळा तपासला. एक नवा माणूस शिकताना पहिल्या आठवड्यात जेवढी पॅकिंग फिल्म वाया घालवतो, तिची किंमतसुद्धा याहून जास्त असते.

वहीतल्या या रकान्याच्या नावाबद्दल आपण धरलेला आग्रह मला तेव्हा अनावश्यक वाटला होता. मी वहीत 'उचल' असे लिहिले आणि आपण ते खोडलेत. उचल ही न केलेल्या कामावर दिली जाते आणि ती माणसाला बांधून ठेवते. ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल काय करते ते सगळा महाराष्ट्र जाणतो. येथे तर माणसाने काम आधीच केलेले आहे, त्याचे पैसे आपल्याकडे पडून आहेत आणि त्यातलेच तो मागतो आहे. म्हणून रकान्याचे नाव 'झालेल्या दिवसांचे'. या नावाने व्यवहारही बदलला. पूर्वी ज्याला पैसे हवे असत तो सुपरवायझरपुढे उभा राहून घरचे आजारपण सांगे, आणि देणे न देणे सुपरवायझरच्या मर्जीवर असे. आपण नियम घातलात की कारण विचारायचे नाही. बुधवारी आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत चिठ्ठी द्यायची, भरलेल्या हजेरीच्या पगारातून आधी घेतलेले वजा जाता निम्म्यापर्यंत रक्कम मागायची आणि संध्याकाळपर्यंत ती खात्यात जमा झालेली असायची. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी पूर्ण पगारावरच धरायची, त्यात पैचाही फरक करायचा नाही. नव्या माणसाला मात्र पहिले दोन महिने चिठ्ठी न मागताच दर शनिवारी रक्कम द्यायची.

निम्म्याची मर्यादा काही जणांना जाचक वाटली. सगळेच पैसे द्या, असा आग्रह झाला आणि मीही द्यायला तयार झाले होते. आपण बधला नाहीत. सगळे आधीच उचलले तर 7 तारीख कोरडी जाईल आणि खोलीभाड्यासाठी माणूस पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहील, हे आपले म्हणणे होते, आणि ते खरे होते. त्याच सुमारास हेच काम मोबाइल ॲपवरून करून देतो असे सांगत एक कंपनी माझ्याकडे आली होती. प्रत्येक वेळी कामगाराकडून फक्त 20 रुपये शुल्क. मला ते स्वस्त वाटले. आपण विचारलेत, कोणी पगाराच्या दहा दिवस आधी 500 रुपये घेतले तर? पाचशेवर वीस म्हणजे दहा दिवसांना 4 टक्के, वर्षाच्या हिशेबाने 146 टक्के. स्वतःच्याच घामाच्या पैशांवर कामगाराने हा दर का द्यावा, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शुल्क मालकाने भरायचे असेल तर ॲपलाही माझी हरकत नाही, परंतु आम्ही वहीवरच राहिलो.

गेल्या जूनची एक गोष्ट आपल्याला कळवायची राहून गेली आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात, म्हणजे नेमक्या महिन्याच्या कोरड्या दिवसांत. त्याच दिवसांत गावाकडे पेरणी असते आणि बियाण्याला पैसे लागतात. दर वर्षी जूनमध्ये आमची सर्वाधिक माणसे जात. यंदा 24 तारखेला, बुधवारी, सीलिंगवरच्या एका ताईंनी 1,800 रुपयांची चिठ्ठी दिली. त्यांचे 20 दिवस भरले होते, दिवसाला 538 रुपयांप्रमाणे 10,760 होत होते, मर्यादा 5,380 ची होती. त्यांनी तेवढेच मागितले जेवढे लागत होते. गुरुवारी सकाळी मशीन सुरू करण्याआधी त्या केबिनच्या दारात येऊन म्हणाल्या, "ताई, पोराचे पुस्तकं घेऊन झाले," आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता कामाला गेल्या. कारण कोणी विचारले नव्हते, त्यांनीच सांगितले. त्या महिन्यात आमच्याकडून दोघेच गेले, आणि तेही आपला हिशेब पूर्ण घेऊन, सांगून गेले.

सगळी गळती थांबली असे मी म्हणणार नाही. बुटीबोरीत जास्त पगार मिळाला म्हणून आमचा एक चांगला फिटर गेला, आणि त्याचे बरोबरच होते. लवकर मिळालेला पगार हा वाढलेला पगार नव्हे, हे आपणच मला बजावले होते, म्हणून एप्रिलमध्ये दरही वाढवले. पण पहिल्या महिन्यातच निघून जाणारा नवा माणूस आता क्वचितच दिसतो, आणि मला सर्वाधिक समाधान त्याचे आहे.

आपले वडील एम्प्रेस मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी नोंदवणाऱ्या कचेरीत, होते, हे आपण एकदा चहा घेताना सांगितले होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू केलेल्या त्या गिरणीत 1886 सालीच कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी होता. हजेरीच्या रकान्यामागे एक घर असते, हे आपण त्या घरातूनच शिकून आला असाल, असे मला वाटते. या कामाचा एक रुपयाही आपण घेतला नाहीत. उन्हाळ्यात महालातून मेट्रो आणि ऑटो बदलत सलग नऊ दिवस आलात, आणि वरून आमच्या नव्या लेखनिकाला रकाने आखायलाही शिकवलेत. त्या प्रत्येक दिवसाबद्दल मी आणि युनिटमधील आम्ही सर्व जण आपले मनःपूर्वक आभारी आहोत.

पहिली वही मार्चमध्ये संपली. दुसरी लेखनिकाने आखली आहे, रकान्याचे नाव आपण लिहिले होते तेच ठेवले आहे. ओव्हरटाइमचे तास निम्म्याच्या मर्यादेत धरायचे की वेगळे, यावर त्याचे आणि माझे एकमत होत नाही. येत्या शनिवारी सवड असेल तर कळवावे, घ्यायला गाडी पाठवते.

आपली कृतज्ञ,
आपल्या मित्राची मुलगी